जांभळा धागा

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा, मीटरभर लांबीची काचेची नळी, एक नरसाळं, दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची रिकामी बाटली आणि विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट. माझ्या संशोधनाची सुरुवात एवढ्या सामानातून झाली, आणि ती आपल्या शाळेच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत झाली. पुढे परदेशातल्या प्रयोगशाळा पाहिल्या, पण डोळ्यांसमोर येतो तो हाच डबा.

साल १९७८. मी नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी डब्याच्या बुडाजवळ भोक पाडून, रबरी बुचातून नळी आडवी बसवली होती. नळीच्या डब्यातल्या टोकाला नरसाळं, बाहेरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा आणि त्याला चिमटा. सलाईनच्या बाटलीत जांभळं पाणी भरून ती खिडकीच्या गजाला टांगलेली, आणि तिची सुई नरसाळ्याच्या बरोबर मध्यावर. डब्यात पाणी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेलं. “रात्रभर निवळू दे त्याला,” सर म्हणाले होते. पाणी तर स्वच्छच होतं, मग निवळायचं काय, हे आम्हाला कळेना. गाळ नव्हे, पाण्यातली हालचाल निवळायची असते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चिमटा थोडा सैल केला तसा नळीच्या मध्यातून एक जांभळा धागा निघाला. केसासारखा बारीक, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी वाहतंय हे धाग्याकडे पाहून कळतच नव्हतं. सर चिमटा आणखी सैल करत गेले. बाहेर एक लिटरचं माप ठेवलेलं. मी घड्याळ धरून बसलो होतो. माप दोन मिनिटांत भरलं, धागा सरळ. एका मिनिटात भरलं, तरी सरळ. अर्ध्या मिनिटात भरायला लागलं तरी धागा हलेना. आम्ही श्वास रोखून बसलेलो. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

आपल्या जुन्या इमारतीची लाकडी माडी ज्यांना आठवते त्यांना पुढचं सांगायला नको. वरचे वर्ग एकदम सुटले, शंभर-दीडशे पोरं धडधडत जिन्याकडे धावली, आणि आमच्यासमोर तो धागा थरथरला, वळवळला, आणि जांभळ्या धुरासारखा सगळ्या नळीभर पसरला. पोरं मैदानावर पोहोचली. माडी शांत झाली. आणि काही क्षणांत धागा पुन्हा सरळ.

सरांनी आम्हाला त्या वेळी एकही व्याख्या सांगितली नाही. एवढंच विचारलं, “नळी तीच, पाणी तेच, चिमटा मी हलवला नाही. मग धागा कशानं तुटला?”

शाळा सुटल्यावर ते आम्हाला प्रीतिसंगमावर घेऊन गेले. कृष्णा आणि कोयना कऱ्हाडात समोरासमोर येऊन भेटतात, हे आपण सगळेच अभिमानानं सांगतो. पण त्या दोन पाण्यांच्या शिवेवर उठणाऱ्या भोवऱ्यांकडे त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मोठा भोवरा फुटून त्यातून लहान, लहानातून आणखी लहान. हे कुठपर्यंत चालतं, असं मी विचारलं. सर म्हणाले, “मोठा झालास की शोध आणि मला येऊन सांग.”

पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी मी मुलाखती देत हिंडलो. एका नामांकित संस्थेत मला विचारलं, कशावर काम करायचंय? मी म्हणालो, नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर. समोरचे गृहस्थ म्हणाले, “ते इंजिनिअर लोकांचं काम. भौतिकशास्त्रज्ञानं मूलभूत काही करावं.” मला तिथं प्रवेश मिळाला नाही. रात्री एस.टी.त बसून परत येताना फार वाईट वाटलं होतं. प्रवेश नाकारला त्यापेक्षा, मूलभूत म्हणजे काय हे त्यांनी इतक्या सहज ठरवून टाकलं, ते जास्त लागलं. त्या गृहस्थांना द्यायचं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. आज आहे, आणि आपल्या शाळेतून विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलांसाठी ते इथं लिहून ठेवतो.

क्वांटम यांत्रिकीचा, म्हणजे अणूच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्राचा, पाया घालणाऱ्या वर्नर हायझेनबर्गची पीएच.डी. कशावर होती? वाहत्या द्रवावर. त्याचे गुरू आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्याकडे म्युनिकमधून वाहणाऱ्या इझार नदीला बांधून काढण्याच्या कामातून हा प्रश्न आला होता: संथ प्रवाह खळाळता कधी होतो? पाणी दोन समांतर भिंतींमधून वाहतंय असं धरून, प्रवाह ठरावीक वेगापुढे अस्थिर होतो, असं हायझेनबर्गनं काढलं. गणित इतकं अवघड की त्यानं वाट काढताना काही पायऱ्या अंदाजानं ओलांडल्या. २३ जुलै १९२३ ला तोंडी परीक्षा झाली. प्रयोगशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी त्याला दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवण्याची ताकद, विचारली, विजेची बॅटरी कशी चालते ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही. झोमरफेल्ड यांच्या मते तो अव्वल, वीन यांच्या मते नापास. शेवटी तिसऱ्या श्रेणीत पास झाला आणि रात्रीच्याच गाडीनं गॉटिंगेनला निघून गेला. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यानं क्वांटम यांत्रिकी उभी केली.

त्या प्रबंधाचं पुढे काय झालं, हे मला अधिक मोलाचं वाटतं. १९२६ मध्ये फ्रिट्झ नोएदर या गणितज्ञानं त्या निष्कर्षावर शंका घेतली. जवळजवळ वीस वर्षं प्रश्न लोंबकळत राहिला. १९४० च्या दशकात सी. सी. लिन यांनी तेच गणित काळजीपूर्वक करून हायझेनबर्गची बाजू उचलून धरली, आणि १९५३ मध्ये एल. एच. थॉमस यांनी प्रवाह जिथं अस्थिर होतो तो आकडा (वेग, भिंतींमधलं अंतर आणि द्रवाचा चिकटपणा मिळून होणारा) संगणकावर काढला. आज तो ५७७२ धरतात. विशीतल्या पोराचा अंदाज तीस वर्षांनी खरा ठरला. आणि महायुद्ध संपल्यावर, १९४५ साली, इंग्लंडमध्ये फार्म हॉल इथं नजरकैदेत असताना हायझेनबर्ग कशाकडे वळला? पुन्हा प्रवाहाच्या खळबळीकडेच. मोठ्या भोवऱ्याची ऊर्जा लहानांत कशी उतरत जाते, तो आमचा संगमावरचा प्रश्न. रशियात गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी त्याचं उत्तर १९४१ मध्येच काढलं होतं, पण युद्धामुळे ते बाहेर फारसं पोहोचलं नव्हतं. भोवरे लहान होत होत अशा आकाराला येतात की तिथं पाण्याचा चिकटपणा त्यांना गिळून टाकतो आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते. सर, कुठपर्यंत चालतं याचं उत्तर हे.

चंद्रशेखर यांचं आपल्याला ताऱ्यांमुळे नाव माहीत. पण १९५२ ते १९६१ ही आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं त्यांनी द्रवांच्या स्थिरतेला दिली आणि त्यावर ग्रंथ लिहिला, तो आजही माझ्या टेबलावर असतो. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊ यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ग्रंथमाला रचली तेव्हा तीत एक अख्खा खंड द्रवयांत्रिकीला ठेवला. आणि अगदी आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शिराज मिनवाला आणि सायंतनी भट्टाचार्य यांनी परदेशातल्या दोन सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये दाखवलं, की आइन्स्टाइनच्या समीकरणांतून, एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवरांच्या वागण्यातून, थेट द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं निघतात. तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. संस्थेच्या नावातच ‘मूलभूत’ आहे, आणि तिथं माणसं प्रवाहाचा विचार करत होती.

उलट दिशेचंही सांगायला हवं. लुडविग प्रांट्ल न्यूरेंबर्गच्या कारखान्यात इंजिनिअर होते. लाकडाचा भुसा आणि छिलके ओढून नेणारी यंत्रणा सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. रुंद होत जाणाऱ्या नळीत हवा गणिताप्रमाणे भिंतीला धरून का राहत नाही, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यातून १९०४ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी दहा मिनिटांचं भाषण केलं. भिंतीलगतच्या पातळशा थरातच पाण्याचा चिकटपणा काम करतो, तोच सुटला की प्रवाह भिंत सोडतो, एवढं त्यात होतं. विमानाचा पंख आज आपल्याला समजतो तो त्या दहा मिनिटांमुळे. भुसा ओढणं इंजिनिअरचं आणि समीकरणं भौतिकशास्त्रज्ञाची, अशी वाटणी कोणी कुठं करायची?

मला अखेर बंगळूरला जागा मिळाली. सतीश धवन आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहा यांनी तिथं या विषयाची जी परंपरा उभी केली, तिच्या सावलीत आम्ही वाढलो. माझं काम सरांच्याच प्रश्नाचं: धागा तुटायला धक्का किती मोठा हवा? दोन भिंतींमधल्या प्रवाहाला ५७७२ ची मर्यादा आहे, पण गोल नळीत गणित वेगळंच सांगतं. अगदी बारीकशा धक्क्यानं तो प्रवाह कितीही वेगात तुटू नये, असं दिसतं. प्रत्यक्षात मात्र तो तुटतो. ओसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला हाच प्रयोग केला. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा मिळून जो एक आकडा होतो त्याला आज त्यांचं नाव आहे. पाणी नीट निवळू दिलं तर त्यांचा धागा सुमारे १३,००० पर्यंत टिकला. त्यांचं ते उपकरण जपून ठेवलंय, पण पुढच्या काळात त्यावर तोच प्रयोग केला तर तेवढा आकडा येईना. कारण? शहरातली रहदारी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात उभा राहिलो. मला आपली माडी आठवली.

आमची नळी आठ मीटरची होती आणि प्रयोगशाळा रस्त्याच्या कडेला. ट्रकांमुळे दिवसा काही जमत नसे. म्हणून चार वर्षं मी रात्री दोन ते पाच काम केलं. टाकी संध्याकाळी भरायची, दिवे मालवायचे, चप्पल दाराबाहेर काढायची. २००३ मध्ये मँचेस्टरच्याच एका गटानं मोजून दाखवलं, की वेग दुप्पट केला तर लागणारा धक्का साधारण निम्मा पुरतो. आमची मोजमापं त्याच दिशेनं जात होती. त्यांचा निबंध आधी आला. दोन-तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. मग पुन्हा टाकी भरली, कारण कुठं थांबायचं हा प्रश्न उरलाच होता: कोणत्या आकड्याखाली खळबळ विझते आणि कोणत्या आकड्यावर ती पसरतच जाते? ते २०११ मध्ये युरोपात सापडलं. तो आकडा २०४०, दहा इकडे-तिकडे. रेनॉल्ड्स यांच्यापासून १२८ वर्षं लागली.

मी हिशेब केला आहे. सरांची नळी एक सेंटिमीटर व्यासाची होती. माप एका मिनिटात भरत होतं तेव्हा आकडा दोन हजारांच्या थोडा वर होता. अर्ध्या मिनिटात भरायला लागलं तेव्हा त्याच्या दुप्पट. म्हणजे पोरं धावली नसती तर धागा तसाच राहिला असता.

१९९६ मध्ये सर बंगळूरला आले होते. निवृत्त झालेले, काठी घेऊन. पहाटे तीन वाजता मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. न सांगता त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. आठ मीटर धागा सरळ गेलेला पाहत ते बराच वेळ उभे होते. मग हळूच टाचेनं जमिनीवर एक टक दिली. दोन मीटरवर एक जांभळा ढग उठला, नळीतून पुढे पुढे सरकत गेला आणि शेवटी बाहेर पडला. सर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

आता ते नाहीत. जुनी इमारत पाडली, माडीही गेली. नवी प्रयोगशाळा मी गेल्या वर्षी पाहिली, छान आहे. मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येताना मी माझी काचेची नळी घेऊन येतो. डबा शाळेनं द्यावा. पाणी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायला सांगावं, आणि नववीच्या मुलांना सकाळी सातला बोलवावं, शाळेसमोरून एस.टी.ची वर्दळ सुरू व्हायच्या आत. सुई मी धरतो. घड्याळ एखाद्या मुलीच्या हातात द्या.