तुम्ही विचारलंत म्हणून: लेखाखाली खरं नाव का नसतं?

"एवढं रोखठोक लिहिता, मग खाली खरं नाव का नसतं?" महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. एकानं तर "मर्द असाल तर समोर या" असं सुनावलं. मर्द नाही हो, बाई आहे.

नाशिकजवळ मखमलाबादला आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापारी बांधावर येतो, भाव ठरवतो, माल तोडून नेतो. पैसे मागाहून. कुणाचा चेक वटत नाही, कुणाचा फोनच लागत नाही. हे मी फोनवरून लिहिते. नावानिशी लिहिलं तर पुढच्या हंगामात आमच्या बांधाला गाडी लागणार नाही, आणि तयार झालेला घड काही वेलीवर वाट बघत बसत नाही.

पोलिसांपासून लपतेय असं काहींना वाटतं. छे! सिमकार्ड माझ्याच आधारवर आहे, कंपनीकडे सगळी नोंद असते. त्यांनी मनावर घेतलं तर दारात येतील. मला लपायचंय ते व्यापाऱ्यापासून. आणि खरं सांगू? चुलत सासऱ्यांपासूनही.

कुसुमाग्रजांचा दाखला देऊन कुणी माझी बाजू घेतं. पण कुसुमचे थोरले बंधू म्हणून कुसुमाग्रज झालेले शिरवाडकर कुठे राहतात, हे अख्ख्या नाशिकला ठाऊक होतं. ते टोपणनाव. माझं म्हणजे तोंडाला स्कार्फ बांधून कॉलेज रोडला गाडी चालवण्यातला प्रकार. आणि स्कार्फ बांधला की हॉर्न जरा जास्तच वाजवला जातो.

गेल्या हंगामात जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, द्रावणात घड बुडवूनही मणी फुगेनात. रात्री अकरा वाजता रागारागात लिहून टाकलं, की औषध दुकानदार नकली जीए विकतो. नाव घातलं नाही, पण निळं शटर आणि शेजारची पिठाची गिरणी घातली. गावाला आणखी काय लागतं? पंधरा दिवसांनी ध्यानात आलं: बोअरच्या जड पाण्यात मी द्रावण केलं होतं आणि पीएच बघितलाच नव्हता.

दुकानात गेले तर गिऱ्हाईक नव्हतं. दादांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. म्हणाले, "ताई, कुणीतरी माझ्यावर लिहिलंय. तुम्ही वाचलं का?"

मी म्हटलं, "नाही बाई."

त्या रात्री चूक कबूल करून माफी लिहिली, तीही त्याच खोट्या नावानं. दुकानातली उधारी मात्र अजून माझ्या खऱ्या नावावर चालते.