तक्रार आली की आधी ऐका, मग प्रार्थना करा

आमच्या मिनिस्ट्रीत, म्हणजे ख्रिस्ती सेवाकार्याच्या संस्थेत, कितीतरी वर्षं हे असंच चालायचं, की मीटिंगमध्ये कुणी अवघड प्रश्न काढला की लीडर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, चला, हा विषय प्रभूपुढे ठेवूया. सगळ्यांच्या माना खाली, प्रार्थना व्हायची, आमेन म्हटलं की पुढचा विषय. विचारणारा गप्प बसायचा, कारण परत तेच काढलं तर तुझा विश्वास कमी पडतोय असं कुणीतरी म्हणणारच. प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच माणसाचं तोंड बंद करायला ती वापरलेली बघून मला फार त्रास व्हायचा.

कल्चर बदलायचं म्हणून आम्ही रिट्रीट घेतले, व्हिजन नव्याने लिहिलं, भिंतीवर बायबलचं नवीन वचन लावलं. काही फरक पडला नाही.

त्या काळात मी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 परत परत वाचायचे. यरुशलेमेतली पहिली ख्रिस्ती मंडळी वाढत होती आणि कुरकुर सुरू झाली, की रोजच्या अन्नाच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषित, म्हणजे येशूचे बारा शिष्य, असं नाही म्हणाले की कुरकुर करू नका. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि तुमच्यातलेच सात जण निवडा म्हणाले. त्या सात जणांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, सगळी ग्रीक नावं! म्हणजे ज्या बाजूने तक्रार आली, बहुतेक त्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप गेलं. मला तर वाटतं आख्ख्या लीडरशिपचा धडा इथेच आहे, आणि आपण मात्र हा अध्याय फक्त डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, नेमायच्या दिवशी वाचतो.

मग नवीन डायरेक्टर आले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी एक साधी वही आणली, तीन रकाने आखलेली, प्रश्न काय, कोण बघणार, कधीपर्यंत. म्हणाले, आधी लिहूया, मग प्रार्थना करूया. पहिले दोन महिने वही जवळजवळ कोरीच, कोणी बोलेचना. मग एक दिवस अकाउंट्स बघणाऱ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, रविवारी आपण दिवसभर सेवेत असतो आणि सोमवारी सकाळी परत ऑफिस, मग आम्ही शब्बाथ, देवाने दिलेला विश्रांतीचा दिवस, कधी पाळायचा? खोलीत एकदम शांतता. सर म्हणाले, माझ्याकडे आत्ता उत्तर नाही, पण प्रश्न बरोबर आहे. त्यांनी तो लिहिला आणि पुढच्या तीन महिन्यांचं ड्युटीचं वेळापत्रक त्याच सिस्टरकडे आणि एका ड्रायव्हर ब्रदरकडे सोपवलं. स्वतःची ड्युटीसुद्धा त्यांनाच लावायला सांगितली.

सगळ्यांना हे आवडलं नाही. जुन्या दोघा-तिघांना खरंच वाटायचं की सेवेत सुट्टी मागणं म्हणजे समर्पण कमी, आणि मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांनी आयुष्य झिजवलंय इथे. पण बायबलमधला मोशेसुद्धा लोकांचा पुढारी म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला स्पष्ट सांगितलं की तूही थकशील आणि लोकही थकतील.

आमच्या रिपोर्टमधल्या आकड्यांचं काम अजून बाकी आहे. 1948 मध्ये अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या टीमने कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोला बसून आपापसात जे ठरवलं, त्यात पैशाच्या पारदर्शकपणाबरोबर सभेची संख्या फुगवून सांगायची नाही हेही होतं, आणि आमच्याकडे अजून हजेरी अंदाजानेच लिहितात आणि तो अंदाज नेहमी वरच जातो. हा प्रश्न मीच वहीत लिहिलाय.

मागच्या आठवड्यात वहीत सरांबद्दलच तक्रार आली, की ते निर्णय फोनवर ठरवून मग मीटिंगमध्ये आणतात. त्यांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, थोडा वेळ थांबले, आणि कोण बघणार या रकान्यात स्वतःचं नाव न घालता बोर्डाचं घातलं.