डेन्व्हर ते मॅनिटू स्प्रिंग्ज: गांजाच्या परवान्यांच्या हद्दीतून

माझी सारी नोकरी नगरपरिषदेच्या परवाना विभागात गेली. त्यामुळे सप्टेंबर 2025 मध्ये मुलाकडे डेन्व्हरला गेलो, तेव्हा रॉकी पर्वताइतकेच कुतूहल मला तेथील गांजाच्या दुकानांचे होते. घरच्यांनी डोंगर पाहिले. मी दुकानांच्या दारांवरील सूचना वाचत हिंडलो.

डेन्व्हर अमेरिकेच्या ज्या राज्यात आहे, त्या कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर 2012 मध्ये राज्यघटनेतील दुरुस्ती क्रमांक 64 मंजूर केली आणि 1 जानेवारी 2014 पासून 21 वर्षांवरील प्रौढांना दुकानातून गांजा विकत मिळू लागला, एवढे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. मात्र त्याच दुरुस्तीने प्रत्येक शहराला आणि काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आपल्या हद्दीत अशी दुकाने होऊच न देण्याचा अधिकार दिला, ही गोष्ट प्रवाशाच्या लक्षात येत नाही. दुकानदाराला राज्याचा आणि स्थानिक संस्थेचा असे दोन्ही परवाने लागतात, आणि दुसरा मिळाला नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे गावातील महिला मतदानाची मागणी करून ‘आडवी बाटली’च्या चिन्हावर दारूचे दुकान बंद पाडतात, तत्त्व बरेचसे तेच आहे.

डेन्व्हरने दुकाने स्वीकारली, पण त्यांना कुंपणही घातले. शाळेपासून 1,000 फुटांच्या आत दुकान चालत नाही, आणि 2021 च्या नियमांनुसार नवे परवाने काही वर्षांपुरते केवळ सामाजिक न्यायाच्या निकषांत बसणाऱ्या, म्हणजे पूर्वीच्या गांजाविरोधी कारवाईची झळ बसलेल्या अर्जदारांसाठी राखून ठेवलेले आहेत. राज्याचा 15 टक्के विशेष विक्रीकर असतोच. त्यावर शहराचा वेगळा कर 2018 मध्ये 3.5 वरून 5.5 टक्के झाला, आणि ती वाढ परवडणाऱ्या घरांसाठी करण्यात आली. पाप म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, त्याच्याच गल्ल्यातून घरकुले बांधावीत, हा हिशेब कोणत्याही नगरपरिषदेला सहज समजेल. केंद्रीय कायद्यात गांजा अजूनही बेकायदा असल्यामुळे बँका या धंद्यापासून बिचकतात आणि बहुतेक व्यवहार रोखीने होतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही आय-25 महामार्गाने सुमारे 110 किलोमीटर दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेलो. लष्करी तळांच्या या शहराच्या नगर परिषदेने जुलै 2013 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी अशा दुकानांना नकार दिला होता. औषधी गांजाची दुकाने मात्र चालू होती. शहराला अगदी खेटून असलेल्या, जेमतेम पाच हजार वस्तीच्या मॅनिटू स्प्रिंग्जने 2014 मध्येच परवाने दिले, तेही फक्त दोन. साहजिकच मोठ्या शहराचे गिऱ्हाईक आणि त्याच्यामागून कर छोट्या गावात जाऊ लागला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आणि शेजारच्या नागपुरात दुकाने, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापुढे सांगायला नको. अखेर नोव्हेंबर 2024 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारांनीच बंदी उठवली आणि एप्रिल 2025 पासून तेथे विक्री सुरू झाली. तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबून राहू नये. जाण्याआधी त्या-त्या शहराच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहावेत.

आता भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्थलांतराचे निर्णय केंद्रीय कायद्यानुसार होतात, आणि त्यांत राज्याची परवानगी कामी येत नाही. गांजा घेतल्याची नुसती कबुलीसुद्धा व्हिसा किंवा प्रवेश नाकारण्याचे कारण ठरू शकते. या उद्योगातील नोकरी नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते, हे तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल 2019 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणूनच एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला माझा मुलगा गाडीतच बसून राहिला आणि मीही ओळखपत्र तपासणाऱ्या रखवालदारापर्यंत जाऊन दारातूनच परतलो. पाहावे, पण घेऊ नये, असेच मी सांगेन.

जे घेऊ शकतात अशा अमेरिकी नागरिक नातलगांबरोबर फिरत असाल, तर त्यांच्याही मर्यादा जाणून घ्या. रस्त्यावर किंवा उद्यानात ओढता येत नाही. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान केंद्राच्या जमिनीवर असल्याने तेथे जवळ बाळगणेही गुन्हा आहे. गाडीत फोडलेले पाकीट ठेवू देऊ नका, कारण गाडी भाड्याने तुम्ही घेतलेली असेल तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. घरी मुले असल्यास गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांकडे विशेष लक्ष द्यावे: प्रौढांसाठीच्या एका पाकिटात टीएचसी, म्हणजे गांजातील नशा आणणारा घटक, कमाल 100 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मिलिग्रॅमच्या दहा मात्रा असू शकतात, आणि परिणाम जाणवायला कधीकधी दोन तास लागतात. वेष्टनावर उद्गारचिन्ह आणि ‘टीएचसी’ ही अक्षरे असलेले चिन्ह दिसले, की ते खाऊच्या डब्यापासून दूर ठेवायला सांगावे.

परतताना डेन्व्हर विमानतळाच्या आवारातही गांजा चालत नाही, आणि मुंबईला उतरल्यावर 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आहेच. थंडीसाठी मुलाच्या मित्राकडून घेतलेल्या जॅकेटाचे सगळे खिसे मी आदल्या रात्री उलटे करून झटकले; त्यांत एक पेन आणि बसचे तिकीट निघाले.