पंचगंगेची पोरं, रंकाळ्याची पाखरं

आज भाचीला घेऊन सकाळीच पंचगंगा घाटावर गेलतो. एवढ्या गारठ्यात पण पोरं पाठीला डबा बांधून धडाधड उड्या मारत होती आणि पायऱ्यांवरनं एक आजोबा "पाय मार, पाय मार, हात थांबवू नको" म्हणून ओरडत होते, स्विमिंग टँक कितीबी होऊ देत, पोहायला शिकावं ते नदीतच, असं माझं स्पष्ट मत हाय. भाचीला सांगितलं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, सगळ्या प्रयाग चिखलीला एक होतात आणि पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतात.

मग गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन रंकाळा. शालिनी पॅलेसच्या बाजूला निवांत बसलो तर समोर वारकरी पाखरं, अंग काळंभोर आणि कपाळावर पांढरा टिळा, बरोबर नाव ठेवलंय. पण खरी मजा जांभळ्या पाणकोंबडीनं आणली. लालभडक चोच, लांबच लांब बोटं, तिनं गवताचा एक कोंब उपटला, पंजात धरला आणि सोलून सोलून खायला लागली. भाची ओरडलीच, "मामा, ती हातानं खातीया!" तासभर हलली नाही पोरगी, मोबाईल पण मागितला नाही.

एकच विनंती, निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात टाकू नका ओ, पाखरं तिथंच खात असतात.

पुढच्या रविवारी कळंबा तलाव, कुणाकडं दुर्बीण असली तर घेऊन या.