ट्रेडर कुठे जातो त्याआधी, तो कुठून निघतो

आमचे मोठे काका इंदूरच्या लोहामंडीत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत जवळजवळ 30 वर्षे बुकिंगचे काम पाहत होते. गेल्या दिवाळीत ते मल्हारगंजच्या आमच्या घरी मुक्कामाला आले होते. मी ‘सिव्हिलायझेशन 6’ हा शहरे वसवून राज्य वाढवण्याचा संगणकावरचा खेळ खेळत असताना ते शेजारी खुर्ची ओढून बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. माझ्या तिसऱ्या, नुकत्याच वसवलेल्या शहरातून एक ट्रेडर, म्हणजे व्यापारी, शेजारच्या राज्यातील मोठ्या शहराकडे निघाला होता, आणि त्या फेरीतून दर टर्नला, म्हणजे खेळातील प्रत्येक पाळीला, 6 गोल्ड व 1 सायन्स मिळणार असल्याचे मी त्यांना समाधानाने दाखवले. ते म्हणाले, ‘‘अरे, गाडी कुठे चालली ते कळलं. पण बिल्टी कोणत्या शाखेत फाटली? आणि त्या शाखेच्या हाती काय पडणार?’’

बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती. त्या शाखेच्या, म्हणजे त्या नव्या शहराच्या हाती काहीच पडणार नव्हते. हा खेळ अनेक वर्षे खेळूनही ट्रेड रूटची (व्यापारी फेऱ्यांची) यादी उघडली की माझी नजर आधी गोल्डच्या आकड्यावर जात असे, आणि ज्या ओळीत तो सर्वांत मोठा दिसे ती ओळ मी निवडत असे. काकांच्या प्रश्नानंतर मी तो डाव नव्याने मांडला. तेव्हापासून व्यापाराकडे पाहण्याची माझी रीत बदलली आहे आणि तिचा फायदा मला प्रत्येक डावात दिसतो, म्हणून ती इथे सविस्तर लिहीत आहे.

या खेळात ट्रेड रूटचे उत्पन्न ज्या शहरातून ट्रेडर निघतो त्या शहराच्या नावावर जमा होते. मात्र गोल्ड, सायन्स, कल्चर आणि फेथ यांची तिजोरी साऱ्या राज्याची एकच असल्यामुळे ती कोणत्याही शहरातून आली तरी फारसा फरक पडत नाही. फूड (वस्ती वाढवणारे अन्न) आणि प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) यांचे तसे नाही. ती दोन्ही निघणाऱ्या शहरातच राहतात, दुसऱ्या शहराला उसनी देता येत नाहीत, आणि नव्या शहराला नेमकी त्यांचीच चणचण असते. स्वतःच्याच दोन शहरांमधील रूटमधून मुख्यतः हीच दोन उत्पन्ने मिळतात. ती किती मिळतील हे पोहोचण्याच्या शहरात कोणकोणते डिस्ट्रिक्ट (शहराचे खास कामाचे विभाग) उभे आहेत त्यावर ठरते. सिटी सेंटरचे 1 फूड व 1 प्रॉडक्शन ठरलेले असते. कॅम्पस, होली साइट किंवा थिएटर स्क्वेअर असेल तर प्रत्येकी 1 फूड वाढते, आणि कमर्शियल हब, हार्बर, इंडस्ट्रियल झोन किंवा एन्कॅम्पमेंट असेल तर प्रत्येकी 1 प्रॉडक्शन वाढते.

माझ्या राजधानीत त्या वेळी कॅम्पस, होली साइट, कमर्शियल हब आणि इंडस्ट्रियल झोन असे चार डिस्ट्रिक्ट होते. म्हणजे तिसऱ्या शहरातून राजधानीकडे ट्रेडर पाठवला असता तर त्या शहराला दर टर्नला 3 फूड आणि 3 प्रॉडक्शन मिळाले असते. त्या शहराचे स्वतःचे प्रॉडक्शन जेमतेम 3 होते, आणि मॉन्युमेंट या इमारतीला सामान्य वेगाच्या डावात 60 प्रॉडक्शन लागते. एरवी 20 टर्न खाणारे काम 10 टर्नमध्ये झाले असते, आणि जादा फूडमुळे वस्ती वाढून पुढची कामे आणखी लवकर झाली असती, ते वेगळेच. हेच मॉन्युमेंट रोख विकत घ्यायचे तर 240 गोल्ड मोजावे लागतात, म्हणजे एका प्रॉडक्शनला 4 गोल्ड. त्या हिशेबाने 3 प्रॉडक्शनचेच मोल 12 गोल्ड होते, आणि मी मात्र 6 गोल्डवर समाधानी होतो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा काकांनी नुसती मान डोलावली. त्यांच्या लेखी त्यात नवे काहीच नव्हते.

म्हणून आता माझा परिपाठ असा आहे की, पहिल्या शंभरेक टर्नपर्यंत ट्रेडर नव्या शहरातून राजधानीकडे निघतील, आणि त्यासाठी राजधानीत डिस्ट्रिक्ट शक्य तितक्या लवकर उभे राहतील. शहर पायावर उभे राहिले की तोच ट्रेडर त्याहून नव्या शहरात हलवायचा. ट्रेडरचे मुक्कामाचे शहर बदलता येते, ही सोय बरेच जण वापरतच नाहीत. एकदा रूट ठरला की सामान्य वेगाच्या डावात किमान 20 टर्न तो बदलता येत नाही, त्यामुळे मुदत संपल्यावर ‘पुन्हा तोच’ असे सवयीने दाबून टाकणे मला आता चुकीचे वाटते. वीस टर्नमध्ये राज्याची गरज बदललेली असते, आणि त्या वेळी यादी शांतपणे वाचायला दोन मिनिटे पुरतात.

रूटची संख्या हा दुसरा प्रश्न आहे. पहिला रूट फॉरेन ट्रेड हे सिव्हिक (सामाजिक प्रगतीचा टप्पा) पूर्ण झाल्यावर मिळतो. त्यानंतरचे मुख्यतः मार्केट किंवा लाइटहाउस बांधल्यावर मिळतात. एकाच शहरात या दोन्ही इमारती बांधल्या तरी त्या शहराचा रूट एकच वाढतो, हे समुद्रकाठच्या शहराची आखणी करताना ध्यानात ठेवावे. कोलोसस आणि ग्रेट झिंबाब्वे ही आश्चर्ये किंवा मार्को पोलो हा ग्रेट मर्चंट हाती आला तर प्रत्येकी एक रूट वाढतो, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

रस्त्यांचा भाग मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. आरंभीच्या काळात या खेळात रस्ता बांधण्याचे दुसरे साधन जवळजवळ नसते. ट्रेडर ज्या वाटेने चालतो त्या वाटेवर रस्ता तयार होत जातो. त्यामुळे पहिला ट्रेडर पाठवताना आपण पुढच्या काळातील सैन्याची आणि नवे शहर वसवणाऱ्या सेटलरची वाटही आखत असतो. यादीतील एखादे शहर निवडताच नकाशावर त्याची वाट उमटते, आणि ती पाहिल्याशिवाय मी आता होकार देत नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपयांचे कर्ज 101 वर्षांच्या मुदतीने दिले होते. वाटेचे उत्पन्न पहिल्या फेरीवरून मोजायचे नसते, हे आम्हा इंदूरकरांना निराळे सांगायला नको. मात्र तोच रस्ता शेजाऱ्याच्या सैन्यालाही तितकाच सोयीचा होतो, म्हणून भांडखोर शेजाऱ्याच्या सीमेपर्यंत आपणहून रस्ता नेऊ नये असे माझे मत आहे.

वाट पाहून घेण्याचे आणखी एक कारण आहे. याच डावात साठाव्या टर्नच्या सुमारास माझे दोन ट्रेडर लागोपाठ बार्बेरियन, म्हणजे कोणत्याही राज्यात नसलेल्या रानटी टोळ्यांच्या, घोडेस्वारांनी लुटले. लुटलेला ट्रेडर परत मिळत नाही. रूटची जागा शिल्लक राहते, पण ट्रेडर नव्याने बांधावा लागतो आणि तोवरचे सारे टर्न वाया जातात. बार्बेरियनांचे तळ आपल्या नजरेआड असलेल्या जमिनीवरच उभे राहतात. म्हणून वाटेच्या बाजूला डोंगराळ मोक्याच्या जागी एक जुना योद्धा उभा करून ठेवला तरी बराच धोका टळतो. ट्रेडरच्या मागे सैन्य फिरवण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

परराज्यातील रूट टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. सिटी-स्टेटने, म्हणजे एकाच शहराच्या छोट्या स्वतंत्र राज्याने, ट्रेड रूटची मागणी केली असेल तर ती पूर्ण केल्यावर एक एन्व्हॉय (दूत) मिळतो, आणि विज्ञानप्रधान सिटी-स्टेटकडे गेलेला पहिला एन्व्हॉय राजधानीला दर टर्नला 2 सायन्स देतो. रूट वीस टर्नमध्ये संपतो, एन्व्हॉय राहतो. जमिनीवरून 15 आणि समुद्रातून 30 अशी नकाशावरच्या घरांची मूळ मर्यादा असली तरी रूट पूर्ण झालेल्या शहरात आपली ट्रेडिंग पोस्ट (व्यापारी ठाणे) बसते, तिथून मर्यादा पुन्हा मोजली जाते, आणि पुढचे रूट त्या शहरातून जाताना प्रत्येक पोस्टमागे 1 गोल्ड अधिक देतात. चार-पाच रूट परदेशी चालू असतील तर प्रत्येकी 2 गोल्ड वाढवणारे कॅरवॅन्सराय हे धोरण ठेवावे. पर्यटनाच्या बळावर जिंकायचे असेल तर उत्तरार्धात प्रत्येक राज्याकडे किमान एक रूट हवाच, कारण त्या राज्यावरील पर्यटनाचा प्रभाव त्याने 25 टक्क्यांनी वाढतो.

दिवाळीचा तो डाव अजून चालू आहे. सध्या 132 वा टर्न आहे आणि माझे सहा रूट आहेत. त्यांतील चार नव्या शहरांमधून राजधानीकडे जातात आणि दोन राजधानीतून बाहेर, सिटी-स्टेटकडे. पूर्वेच्या किनाऱ्यावरील सर्वांत लहान शहराचा ट्रेडर तीन टर्नने मोकळा होईल. तिथले लाइटहाउस पूर्ण व्हायला पाच टर्न बाकी आहेत, म्हणून या वेळीही त्याची बिल्टी त्याच शहरात फाटेल.