निफाडची थंडी आणि मामांचा डायनमो

नाशिकहून निफाडला जायचं तर मी नांदूर नाक्यावरून संभाजीनगरचा रस्ता धरतो. माडसांगवी, शिलापूर मागे पडलं की दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात आणि चांदोरीच्या पुढे, डिसेंबर असेल तर, लाल कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या. चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी देवळं आहेत. एरवी तिथे थांबतोच, पण या खेपेला थांबलो नाही. पिशवीत मल्टीमीटर, पॉलिशपेपर आणि वायरीचे तुकडे होते, आणि मामांचा निरोप घाईचा होता. "पहाटे ट्रॅक्टरला सेल मारला तर नुसता कण्हतो रे. मिस्तरी म्हणतो बॅटरी टाका नवी, नाहीतर डायनमो काढून अल्टरनेटर बसवा. तू एकदा बघून जा, मग ठरवू."

बॅटरी तर गेल्याच वर्षी घेतलेली. आणि डायनमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून ती बॅटरी चार्ज करणारं जुन्या धाटणीचं यंत्र, अल्टरनेटर हा त्याचा नवा भाऊ.

निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यांत असतो. मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिपने पाणी सोडतात. अशा गारठ्यात ऑइल घट्ट होतं, डिझेल इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद कमी पडते. म्हणून चार्जिंगचा दोष पावसाळाभर झाकून राहतो आणि डिसेंबरात उघडा पडतो.

मामांचा ट्रॅक्टर बी-275. महिंद्रा आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर 1963 मध्ये एकत्र आल्या, त्या घराण्यातला. आजोबांनी घेतलेला, अजून ट्रॉली ओढतो, टँकर ओढतो. मला या यंत्राबद्दल फार आदर आहे. यातला एकही भाग बंद डबा नाही. जे बिघडतं ते डोळ्याला दिसतं, हाताला लागतं.

चहा झाल्यावर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते पाहिलं. त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, इथेही होता. हे न बघता कुणी उलटी बॅटरी जोडली की डायनमोच्या करंटची दिशा बिघडते आणि अँपिअर मीटरचा काटा भलतंच सांगायला लागतो.

बंद इंजिनावर बॅटरी 12.2 व्होल्ट दाखवत होती. भरलेली 12.6 च्या वर हवी. ट्रॅक्टर उतारावरून सोडून चालू केला, रेस वाढवली, तरी बॅटरीवर 12.8 च्या पुढे आकडा जाईना. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, ताण बरोबर होता. मग डायनमोचीच परीक्षा घेतली. इंजिन बंद करून डी (करंट बाहेर देणारं) आणि एफ (आतल्या फिल्ड कॉइलचं) या दोन्ही टोकांच्या वायरी काढल्या, ती दोन टोकं वायरीच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडली, मीटरची एक पिन तिथे आणि दुसरी डायनमोच्या अंगाला लावली. इंजिन पुन्हा चालू करून रेस हळूहळू वाढवली. डायनमो धड असेल तर आकडा न अडखळता 20 पर्यंत चढतो. त्यापुढे रेस द्यायची नाही, कॉइल जळेल. आकडा शून्यावर राहिला तर कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट घेणारे ठोकळे) बघायचे, अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर फिल्ड कॉइलचा (स्थिर गुंडाळीचा) संशय घ्यायचा, चार-पाचवर अडला तर आर्मेचरचा, म्हणजे फिरत्या गुंडाळीचा.

मामांचा डायनमो सरळ 20 वर गेला. "म्हणजे हा चांगला आहे?" मामा तीनदा विचारून गेले. चांगला होता. मिस्तरीने हा काढायला सांगितला होता, मीटर न लावता.

मग करंट जातो कुठे? वायरी परत जागेवर लावल्या. चालू इंजिनावर डायनमोच्या टोकापासून त्याच्याच अंगापर्यंत 14.1 व्होल्ट. बॅटरीवर मात्र 12.8. वाटेत सव्वा व्होल्ट गळत होता. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरी डायनमोच्या अंगावर टेकवली, तर तिथेच एक व्होल्ट सापडला. खरं तर तिथे शून्याच्या आसपासच हवं.

मागच्या दसऱ्याआधी मामांनी ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंगाऱ्याने डायनमो खोलला आणि ब्रॅकेट, क्लॅम्प, बोल्टची बैठक, सगळ्यावर लाल रंगाचे दोन हात मारले. डायनमोचा करंट बॉडीतूनच परत येतो, त्याची वाटच रंगाने बुजली होती. करवतीच्या जुन्या पात्याने बैठक खरवडली. लाल पापुद्रा सुटला, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि मग उघडं लोखंड चमकलं. बॅटरीची अर्थची पट्टीही काढून घासली आणि डायनमोच्या अंगापासून चेसिसपर्यंत एक जाड वायर वेगळी टाकली.

खोललाच होता म्हणून कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, पाहिला. त्यावर काळं तेलकट किटण होतं. ते पॉलिशपेपरने साफ केलं. एमरी पेपर तिथे कधी वापरू नये, त्याचे कण तांब्यात रुततात. एक कार्बन खोबणीत अडकत होता, तो मोकळा केला. दांडा ज्यात फिरतो तो मागचा बुश थोडा झिजलाय, त्याला इंजिन ऑइलचे दोन थेंब दिले.

संध्याकाळी रेस दिली तर बॅटरीवर 13.9 आणि काटा चार्जच्या बाजूला ठाम.

मग हॅलोजनवरून मामांशी वाद झाला. रात्रीच्या ट्रॉलीसाठी त्यांनी चार लावलेत, प्रत्येकी 55 वॅटचे. मिळून 220 वॅट, म्हणजे 18 अँपिअर. या जातीचे डायनमो त्यांच्या मापाप्रमाणे साधारण 11 ते 22 अँपिअर देतात, तेही पुरेशा रेसवर. आयडलला, म्हणजे रेस न देता, जवळजवळ काहीच नाही. "अंधारात कांदा घेऊन लासलगावला कसा जाऊ मग?" मामांचं म्हणणंही खरंच होतं. दोन हॅलोजन काढायचे आणि त्या जागी एलईडी बसवायचे, यावर मिटलं. पॉझिटिव्ह अर्थ असल्याने त्यांच्या वायरी उलट-सुलट तपासून, बॉडीला न टेकवता जोडाव्या लागतील.

रात्रभर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ठेवली. इतकी उतरलेली बॅटरी डायनमोच्या भरवशावर सोडू नये. पहाटे मामी चुलीपाशी असताना मामांनी सेल मारला आणि इंजिनाने लगेच पेट घेतला. आठच्या सुमारास ट्रॉली लासलगावच्या रस्त्याला लागली. मी मडगार्डवर बसून काट्याकडे बघत होतो. रेस वाढली की तो चार्जकडे जायचा आणि हळूहळू मधोमध यायचा, बॅटरी भरत आल्याची खूण.

बुश मात्र बदलायलाच हवा, नाहीतर आर्मेचर आतल्या पोलला (फिल्ड कॉइलच्या लोखंडाला) घासेल. जुन्याच्या मापाचा बुश आणि कार्बनची जोडी मी नाशिकला शोधतोय. मिळाले की एसटीने पाठवीन, बसवायला मामांचा मिस्तरी आहेच. जाताना त्याला वायरीचा तो तुकडा देऊन डी-एफ जोडायची परीक्षा करून दाखवली.