लाहोरला गेलेले दोन अंपायर

३ सप्टेंबर २०२३, रविवार. मॅच संपवून लोकलने घरी येत होतो, पांढरा कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. मोबाइलवर बातमी दिसली, भारताचे आंतरराष्ट्रीय अंपायर पिलू रिपोर्टर ठाण्यात वारले. वय ८४. दोन स्टेशनं गेली तरी मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

अंपायर म्हणून १४ कसोट्या आणि २२ वनडे, १९८४ ते १९९४. पाकिस्तानी अंपायर अलीम दार यांच्या शंभरावर कसोट्यांपुढे हा आकडा छोटा दिसेल. पण त्या १४ मधल्या दोन कसोट्यांचं मोल मला फार मोठं वाटतं.

तोवर दोन्ही अंपायर यजमान देशाचेच असायचे. पाहुणा संघ हरला की खापर अंपायरच्या डोक्यावर. पाकिस्तान जिंकलं तर अंपायरने जिंकवलं, हे बोलणं त्यांचा कर्णधार इम्रान खानला नको होतं. त्याने तटस्थ अंपायरचा आग्रह धरला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला आपल्याकडून हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर उभे राहिले. १९१२ नंतर प्रथमच कसोटीला दोन्ही अंपायर तिसऱ्या देशाचे होते. पाकिस्तान १३१ आणि ७७ मध्ये गारद झालं, एक डाव १० धावांनी हरलं. पुढच्या कराची कसोटीलाही हीच जोडी होती.

भारतातून पाकिस्तानात जाऊन इम्रानच्या अपीलला नकारार्थी मान हलवायची! टीव्हीवरचा तिसरा अंपायर तेव्हा नव्हता. तो आला १९९२ मध्ये, डरबनला, आणि त्याने बाद दिलेला पहिला खेळाडू आपला सचिन. लाहोरला या दोघांपाशी होते ते फक्त स्वतःचे डोळे. बोलरचा पुढचा पाय क्रीजवर कुठे पडतो ते बघायचं आणि लगेच नजर वर. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदात बॅट्समनपाशी पोचतो. टप्पा कुठे, पॅडला कुठे लागला, बॅटची कड आहे का, सगळं त्यातच.

मी मैदानावरचा साधा अंपायर. डाव्या खिशात एक-एक रुपयाची सहा नाणी, प्रत्येक चेंडूला एक उजव्या खिशात. चेंडू मोजायचा क्लिकर आहे, पण बोटांना नाणंच कळतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच सोसायटीतला मुलगा बॅटिंगला होता. पायचीतचं जोरदार अपील झालं. चेंडू लेगस्टंपच्या बाहेर पडलेला मी स्वच्छ पाहिला होता. नॉट आउट. ओव्हर संपल्यावर टोपी परत घेताना बोलर म्हणाला, "काका, तुमच्या बिल्डिंगमधलाच ना तो?"

निर्णय बरोबर होता. आजही शंभर वेळा तोच देईन. पण त्या बोलरच्या डोळ्यांत जे दिसलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इम्रानचा हट्ट मला त्या दिवशी कळला. निर्णय बरोबर असून भागत नाही, हरणाऱ्याला तो पटावा लागतो. आयसीसीने १९९४ पासून प्रत्येक कसोटीला एक तटस्थ अंपायर दिला, २००२ पासून दोन्ही. त्याआधी लाहोरला हे दोघे उभे राहून आले होते.

सोसायटीची मॅच असली की आता मी आधीच कल्याणच्या एका अंपायरशी अदलाबदल करून घेतो. परवा अशीच मॅच बाजूच्या पिचवर चालू होती. तिकडून मोठं अपील ऐकू आलं. माझ्या डाव्या खिशात दोन नाणी उरली होती. मी वळून पाहिलं नाही.